अक्षरं नाचत नाहीत: 'तारे जमीन पर'मधून डिस्लेक्सिया किती कळला आणि किती राहिला

२०२५च्या जूनमध्ये 'सितारे जमीन पर' आला आणि त्याच्या निमित्ताने २००७च्या डिसेंबरमधला 'तारे जमीन पर' पुन्हा घराघरांत बोलला गेला. नावं इतकी जवळची, की पुष्कळांनी दोन्हींचा विषय एकच धरला. तो एक नाही. नव्या चित्रपटातले बास्केटबॉल खेळणारे तरुण बौद्धिक अक्षमता असलेले आहेत, कुणाला डाउन सिंड्रोम आहे, कुणाला ऑटिझम. जुन्या चित्रपटातल्या ईशान अवस्थीची बुद्धी शाबूत आहे. तो बघतो, जोडतो, रंगवतो, खोड्या काढतो. त्याचं अडतं ते फक्त छापलेल्या अक्षरापाशी. त्याला डिस्लेक्सिया आहे.

डिस्लेक्सिया म्हणजे बुद्धी, दृष्टी आणि ऐकणं ठीक असताना, नीट शिकवूनही, शब्द अचूक आणि सहज वाचायला-लिहायला न जमणं. जगभरातल्या अभ्यासांत साधारण ५ ते १० टक्के मुलांमध्ये तो आढळतो. चाळीस मुलांच्या वर्गात दोन ते चार. गणिताशी अडणारा डिसकॅल्क्युलिया आणि लिहिण्याशी अडणारा डिसग्राफिया हे त्याचे भाऊबंद. तिघांना मिळून सरकारी कागदांत 'विशिष्ट अध्ययन अक्षमता' म्हणतात आणि पालक आपसांत बोलताना नुसतं 'एलडी' (लर्निंग डिसॅबिलिटी).

आमिर खानचं दिग्दर्शन आणि अमोल गुप्ते यांचं लेखन असलेल्या त्या चित्रपटाने एक मोठं काम केलं: हा शब्द दवाखान्यातून काढून स्वयंपाकघरात आणला. पण चित्रपट लक्षात राहतो तो चित्रांनी, आणि लोकांच्या मनात जी चित्रं राहिली त्यातली काही दिशाभूल करणारी आहेत. शिवाय ईशान शिकतो इंग्रजीतून. त्याच्या वहीतल्या चुका इंग्रजीच्या आहेत. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतलं मूल तशा चुका करत नाही, म्हणून त्याच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही.

मुळात वाचणं ही काय भानगड आहे?

बोलणं कुणी शिकवत नाही. शाळेचं तोंड न पाहिलेली आजी अस्खलित बोलायची, वर जात्यावर ओव्या रचायची. लिपीचा शोध लागून जेमतेम पाच हजार वर्षं झाली. मेंदूत वाचनासाठी अशी राखीव जागा नाही. प्रत्येक मुलाला ती तयार करावी लागते. चेहरे आणि वस्तू ओळखणाऱ्या भागातला थोडा तुकडा अक्षरांना द्यायचा आणि तो बोलण्या-ऐकण्याच्या भागाशी जोडायचा, असं हे काम. ही जोडणी बहुतेकांच्या मेंदूत डाव्या बाजूला होते. डिस्लेक्सिया असलेल्यांमध्ये नेमकी तीच कच्ची राहते.

जोडणी पक्की झाली नाही की काय होतं? गाडी शिकतानाचे पहिले दिवस आठवा. क्लच, गिअर, आरसा, मागून हॉर्न वाजवणारा रिक्षावाला. शेजारी बसलेल्याने काही विचारलं तर उत्तर सुचत नाही, कारण सगळं लक्ष हातापायांत. पुढे सरावाने ते आपोआप होतं आणि आपण गप्पा मारत घाट चढतो. बहुतेक मुलांचं वाचन दुसरी-तिसरीपर्यंत असं आपोआप व्हायला लागतं. डिस्लेक्सिया असलेलं मूल पाचवीतही 'एल'ची पाटी लावलेल्या गाडीत बसलेलं असतं. अक्षर ओळखण्यातच सगळी ताकद संपते, अर्थासाठी काही उरत नाही. म्हणून ते ओळ वाचून संपवतं आणि 'काय वाचलंस?' म्हटलं की कोऱ्या चेहऱ्याने बघतं. तोच धडा तुम्ही वाचून दाखवा, सगळी उत्तरं बरोबर येतील. ऐकून समजणं आणि वाचून समजणं यांतली ही दरी डिस्लेक्सियाची फार मोलाची खूण आहे.

पण अक्षरं नाचतात ना?

चित्रपटातला तो प्रसंग सगळ्यांना आठवतो. बाई वाचायला सांगतात, ईशान म्हणतो अक्षरं नाचताहेत, वर्ग हसतो. पडद्यावर दाखवायला हे सोयीचं आहे. आतली अडचण कॅमेऱ्याला दिसत नाही, नाचणारी अक्षरं दिसतात. काही मुलं खरंच असं सांगतात, कारण आपल्याला काय होतंय हे सांगायला आठ वर्षांच्या पोराकडे दुसरे शब्द नसतात. पण मूळ अडचण डोळ्यांत नाही.

हे कळायला वैद्यकशास्त्रालाही बराच वेळ लागला. १८८०च्या दशकात 'डिस्लेक्सिया' हे नाव दिलं ते रुडॉल्फ बर्लिन या जर्मन नेत्रतज्ज्ञाने, आणि सुरुवातीच्या अनेक डॉक्टरांनी तो नजरेशी जोडलेला 'शब्दांधळेपणा' मानला. विसाव्या शतकाच्या सत्तरच्या दशकात फ्रँक वेलुटिनो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने साधा प्रयोग केला. हिब्रू न येणाऱ्या मुलांना त्याने हिब्रू शब्द क्षणभर दाखवले आणि आठवून काढायला सांगितले. वाचनात मागे असलेल्या मुलांनी ते चांगलं वाचणाऱ्या मुलांइतकेच बरोबर काढले. डोळ्यांत किंवा आकार लक्षात ठेवण्यात खोट असती, तर हे जमलं नसतं. आकाराला आवाज जोडायचा प्रश्न नव्हता तोवर दोघं सारखेच होते.

खोट आहे ती आवाजात. ऐकू न येण्याची नव्हे, ऐकलेला शब्द सुटा करण्याची. 'कमळ'मधला 'क' काढला तर काय उरेल? 'माळ'मधल्या 'म'च्या जागी 'ग' घातला तर? पाच-सहा वर्षांची बहुतेक मुलं असल्या खेळात रमतात. काहींना मात्र शब्द म्हणजे एक अखंड ठोकळा वाटतो, त्याचे तुकडे पडतात हेच जाणवत नाही. तुकडे पडत नसतील तर कुठल्या तुकड्याला कुठलं अक्षर लावायचं? गाण्याच्या भेंड्यांत अशी मुलं गाणी भरपूर म्हणतात, पण शेवटचं अक्षर कोणतं म्हटलं की इकडेतिकडे बघतात. (एवढ्यावरून निदान करायचं नसतं. भेंड्यांत हरणारे आपण सगळेच असतो.)

म्हणून चष्म्याने, रंगीत काचांनी किंवा डोळ्यांच्या व्यायामाने डिस्लेक्सिया जात नाही. २००९ साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी एकत्र निवेदन काढून या उपायांना आधार नसल्याचं सांगितलं. नजर तपासून घ्यावी, ती तपासलीच पाहिजे, पण 'खास' व्यायामाच्या पॅकेजवर पैसे घालवू नयेत.

आणि बी-डी उलटे लिहिणं? तो तर पाच-सहा वर्षांच्या जवळपास सगळ्याच मुलांचा उद्योग. कपाचा कान उजवीकडे असो की डावीकडे, कप तो कपच, हे मेंदू जन्मापासून शिकलेला असतो. अक्षरांसाठी हा नियम त्याला मोडावा लागतो. बहुतेक मुलांचं हे सातव्या-आठव्या वर्षापर्यंत सुटतं. त्यानंतरही राहिलं तर लक्ष द्यावं, पण नुसतं उलटं अक्षर म्हणजे डिस्लेक्सिया नव्हे, आणि सुलटं लिहिणाऱ्याला तो नसतो असंही नाही.

मराठीत तो कसा दिसतो?

देवनागरीत आरशातल्यासारख्या जोड्या फार कमी. अंकांत ३ आणि ६ची गल्लत होते, तेवढंच. त्यामुळे 'बी-डी' शोधणाऱ्या पालकाला मराठी वहीत काहीच सापडत नाही. आपल्या लिपीचे चकवे वेगळे आहेत.

घ आणि ध, भ आणि म: यांत फरक काय, तर शिरोरेषा तुटते की नाही, एवढाच. ख वाचायचा की र-व, हाही नेहमीचा घोळ. त्याहून मोठा गोंधळ क्रमाचा. 'किती'मध्ये तोंडातून आधी 'क' निघतो, कागदावर मात्र वेलांटी त्याच्या आधी येते. 'सूर्य'मध्ये 'र' आधी ऐकू येतो, पण रफार जाऊन बसतो पुढच्या 'य'च्या डोक्यावर. 'प्र'मधला 'र' खाली तिरकी रेघ होतो, 'ट्र'मध्ये त्याचं रूप आणखी वेगळं. ज्याला शब्दाचे आवाज सुटे करणंच अवघड जातं, त्याला इथे दोन हिशेब एकदम करावे लागतात: आवाज कोणता आणि त्याचं चिन्ह कुठे. मग 'पुस्तक'चं 'पुतक' होतं, 'प्रकाश'चं 'पकाश' किंवा 'पर्काश', अनुस्वार गळतात, काना एका शब्दात येतो आणि पुढच्या ओळीत त्याच शब्दातून नाहीसा होतो.

इथे एक खुलासा. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका या यादीत धरू नका. आपण बोलतानाच तो फरक पुष्कळदा करत नाही, त्यामुळे तो पाठ करावा लागतो. त्या चुकांना डिस्लेक्सिया म्हटलं तर दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्यांपासून वर्तमानपत्रांपर्यंत निम्मा महाराष्ट्र त्यात बसेल.

मराठीतलं डिस्लेक्सिया असलेलं मूल बाराखडी पाठ म्हणतं, सुटी अक्षरं ओळखतं, आणि म्हणून बाई म्हणतात, 'अक्षरओळख आहे की त्याला.' अडचण असते वेगाची. बाकीची मुलं परिच्छेद संपवतात तोवर हे दुसऱ्या ओळीत, एकेक अक्षर सुटं म्हणत, 'शा... ळे... त' करत. हुशार असेल तर ते आणखी एक गोष्ट करतं: वर्गात ऐकलेला धडा पाठ करून टाकतं आणि पुस्तक समोर धरून घडाघडा म्हणतं. बोट कुठे आहे ते बघा. तोंड तिसऱ्या ओळीवर आणि बोट पाचव्या. तिसरी-चौथीत धडे लांबतात, पाठांतर पुरत नाही, आणि 'इतके दिवस बरा होता, आता लक्षच नाही' हे वाक्य घरात सुरू होतं.

'मग इंग्रजी माध्यमातून काढून मराठीत घातलं तर जाईल का?'

जाणार नाही, पण फरक पडेल. इंग्रजीत एकाच अक्षराचे अनेक उच्चार आणि एकाच उच्चाराची अनेक स्पेलिंगं. इटालियन या बाबतीत सरळ आहे, मराठीही बरीचशी सरळ. २००१ साली 'सायन्स' या नियतकालिकात इटली, फ्रान्स आणि ब्रिटनमधल्या डिस्लेक्सिया असलेल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वाचनात इटालियन विद्यार्थी बाकीच्यांहून पुष्कळ बरे होते. पण वाचताना मेंदूची चित्रं घेतली, तेव्हा तिघांच्याही डाव्या मेंदूचा तोच भाग मंद होता. मूळ एक, आणि भाषेप्रमाणे त्रास कमी-जास्त.

घरी मराठी आणि शाळेत इंग्रजी असलेल्या मुलाला दुहेरी ओझं होतं, हे खरं. तरी माध्यम बदलणं हाच उपाय समजून तपासणी टाळू नये. तपासणी मात्र मूल ज्या भाषेत शिकतं त्या भाषेतही व्हायला हवी. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ साली 'डाली' नावाची चाचणी आणली ती हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत, पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी. इंग्रजी चाचणीत नापास झालेलं मराठी मूल डिस्लेक्सिक असेलच असं नाही, त्याला कदाचित नुसतं इंग्रजीच कमी येत असेल.

'आमच्या वेळी नव्हतं हे असलं काही'

होतं. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्लंडमधल्या डॉक्टरने पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाबद्दल लिहून ठेवलं आहे. खेळात चपळ, गणित आवडीचं, मोठमोठे आकडे बिनचूक वाचायचा. पण स्वतःचं नाव लिहिताना अक्षरांची अदलाबदल करायचा. त्याला बरीच वर्षं शिकवणाऱ्या मास्तरांचं मत होतं, की शिक्षण नुसतं तोंडी असतं तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता.

आपल्याकडे अशी मुलं चौथीत किंवा सातवीत शाळा सोडायची. 'शाळा सुटली, पाटी फुटली' म्हणत गुरांमागे, गिरणीत किंवा दुकानात लागायची आणि तिथे पुष्कळदा उत्तम काम करायची. वाचायची गरज पडली नाही, म्हणून नाव पडलं नाही. आता आठवीपर्यंत सगळे वर्गात असतात आणि सगळं कागदावर असतं. आजार वाढलेला नाही, लपायच्या जागा कमी झाल्या आहेत.

चित्रपटाच्या चर्चेत एक गोष्ट मागे पडते, आनुवंशिकता. डिस्लेक्सिया घराण्यात चालतो. आई किंवा वडिलांना असेल तर मुलाला असण्याची शक्यता बरीच वाढते. 'मी पण असाच होतो, पट्टी खाल्ली आणि सुधारलो' असं सांगणाऱ्या वडिलांना एकदा विचारून पाहावं, शेवटचं पुस्तक कधी वाचलं?

'जरा मनावर घेतलं तर येईल'

इथे चित्रपट अगदी बरोबर आहे. ईशानचे चित्रकलेचे शिक्षक निकुंभ सर त्याच्या घरी जातात आणि वडिलांच्या हातात परक्या लिपीतला खोका देऊन वाचा म्हणतात. वडील म्हणतात, कसं वाचणार? सर म्हणतात, तुम्ही प्रयत्नच करत नाही! कुठल्याही व्याख्यानापेक्षा हा मिनिटभराचा प्रसंग जास्त सांगतो.

उलट क्रम लक्षात घ्यायला हवा. मूल आळशी आहे म्हणून वाचत नाही, असं नसतं. तीन वर्षं रोज हरल्यावर ते वही विसरायला लागतं, पोट दुखतं म्हणतं, वर्गात विदूषक होतं. ईशान गृहपाठ चुकवतो, शाळेतून पळून मुंबईभर हिंडतो, मारामारी करतो, आणि शेवटी पाचगणीच्या वसतिगृहात पूर्ण गप्प होतो. यातलं गप्प होणं सर्वांत वाईट, आणि शाळेला तेच सर्वांत कमी खटकतं.

पण प्रत्येक ईशान चित्रकार असतो का?

नसतो. आणि ही गोष्ट मला चित्रपटात सर्वांत जास्त टोचते. निकुंभ वर्गात आइन्स्टाईन, लिओनार्दो, एडिसन यांची नावं घेतात. आइन्स्टाईनला डिस्लेक्सिया होता याला ठोस आधार नाही. मेलेल्या माणसाच्या चरित्रातून निदान काढणं तसंही धोक्याचं. पुढे ईशान चित्रकला स्पर्धा जिंकतो आणि प्रेक्षक डोळे पुसतो. पण ज्याला ना चित्र येतं ना गाणं, जो चारचौघांसारखा आहे आणि फक्त वाचता येत नाही, त्याचं काय? डिस्लेक्सियाबरोबर प्रतिभा फुकट मिळत नाही. सिनेमा बघून आलेले पालक मुलाला एका क्लासमधून दुसऱ्या क्लासमध्ये घेऊन हिंडतात, त्याचा 'तारा' शोधत. मुलाला आणखी एक परीक्षा लागते, एवढंच. वाचायला शिकवलं जाण्यासाठी मुलाने आधी काही जिंकून दाखवायची गरज नाही.

शिकवतात कसं?

औषध नाही. उपाय शिकवण्याचाच, पण वेगळ्या पद्धतीने. सॅम्युएल ऑर्टन या अमेरिकन डॉक्टरने १९२५च्या सुमारास या मुलांवर काम सुरू केलं आणि पुढे अॅना गिलिंगहॅम यांच्यासोबत जी पद्धत उभी राहिली, तिचीच रूपं आज जगभर वापरतात. चित्रपटात ईशान वाळूत अक्षर गिरवतो, सर त्याच्या हातावर अक्षर काढतात, पायऱ्यांवर चढून-उतरून बेरीज-वजाबाकी होते. डोळा, कान, हात यांना एकाच वेळी कामाला लावायचं, हे खरं आहे.

दाखवलेलं नाही ते म्हणजे कंटाळवाणेपण. एका वेळी एकच आवाज आणि त्याचं एकच चिन्ह. काना पक्का झाल्याशिवाय वेलांटी नाही, वेलांटी झाल्याशिवाय जोडाक्षर नाही. काल आलेलं आज पुन्हा, आठवड्याने पुन्हा. मुलाला अंदाजाने शब्द ठोकू द्यायचा नाही, तोडून वाचायला लावायचं. पडद्यावर हे काही मिनिटांत होतं, प्रत्यक्षात आठवड्यातून दोन-तीन तास धरले तर महिने, बहुधा वर्षं लागतात. त्यासाठी विशेष शिक्षक लागतात आणि ते शहरांबाहेर फार कमी आहेत. निकुंभ यांच्यासारखा मायाळू माणूस भेटला तर मुलाचा जीव नक्की वाचतो, पण वाचन येतं ते पद्धतीने. नुसत्या मायेने नाही.

अशी मुलं शिकतात, हे मात्र ठामपणे सांगता येतं. डिस्लेक्सिया आयुष्यभर राहतो, वेग थोडा कमीच राहतो, पण वाचन येतं. जितक्या लवकर सुरुवात, तितकं बरं.

'सवलती म्हणजे फुकटचे मार्क!'

महाराष्ट्रात १९९६ पासून या मुलांना शालान्त परीक्षेत सवलती आहेत. पुढे दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ आला. १९९५च्या कायद्यात सातच प्रकार होते, नव्यात २१ झाले आणि त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आली. तासाला २० मिनिटं जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, या त्यातल्या मुख्य सवलती. इतिहासाच्या पेपरात इतिहास तपासायचा असेल, तर हात किती वेगाने चालतो याचे मार्क कशाला कापायचे? लेखनिक उत्तर सांगत नाही, सांगितलेलं लिहितो. भाषेच्या पेपरात शुद्धलेखन माफ करावं का, यावर मात्र प्रामाणिक मतभेद असू शकतो. तिथे आक्षेप घेणाऱ्यांना मी सरसकट निर्दय म्हणणार नाही.

गैरवापर होतो का? नववीच्या सुट्टीत अचानक प्रमाणपत्रासाठी धावाधाव करणारे पालक असतातच. पण त्यातल्या कित्येकांच्या मुलांना खरोखर डिस्लेक्सिया असतो, फक्त सात वर्षं कुणी बघितलेलं नसतं. परीक्षेची सोय झाली आणि मुलाला अजून वाचता येत नाही, हे खरं दुखणं आहे.

संशय आला तर कुठून सुरुवात करायची?

आधी कान आणि डोळे तपासून घ्या. मग बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक मिळून बुद्ध्यांक आणि वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या घेतात. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात हे काम बऱ्याच वर्षांपासून चालतं. परीक्षेच्या सवलतीसाठी सरकारमान्य रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं. खाजगी समुपदेशकाचा अहवाल मंडळ धरेलच असं नाही, हे आधीच विचारून घ्या.

प्रमाणपत्र साधारणपणे आठव्या वर्षानंतरच देतात, कारण त्याआधी उशिरा वाचणारं मूल आणि डिस्लेक्सिया असलेलं मूल यांत फरक करणं कठीण. मात्र शिकवायला प्रमाणपत्र लागत नाही. पहिलीतल्या मुलाला शब्द तोडण्याचे खेळ, वाळूतली अक्षरं, रोज थोडं वाचून दाखवणं हे लगेच सुरू करता येतं, आणि नंतर डिस्लेक्सिया नाही असं निघालं तरी त्यात काही वाया गेलेलं नसतं. शाळेत वर्गशिक्षकांना भेटून तीन गोष्टी मागा: सगळ्यांसमोर अचानक उभं करून वाचायला लावू नका, चुकलेला शब्द वीस वेळा लिहायला लावू नका (तो वीस वेळा चुकीचाच लिहिला जातो), आणि जमेल तिथे तोंडी उत्तर घ्या. यातल्या एकालाही सरकारी शिक्का लागत नाही. बहुतेक शिक्षक नीट सांगितलं तर ऐकतात.

मोठ्या मुलांसाठी फोन कामाला येतो. मराठी मजकूर वाचून दाखवणारी आणि बोललेलं मराठीत टंकणारी सोय आता साध्या फोनमध्येही असते. इतिहासाचा धडा कानाने ऐकला तर तो अभ्यासच असतो. वाचनाचा सराव त्याच्या जागी, वेगळ्या वेळी, थोडा थोडा चालू ठेवायचा.